साऊथवेस्टची ‘कुठंबी बसा’ सर्विस : परभणीच्या बाईचा रिव्ह्यू

पहिलंच सांगते, ज्या सर्विसचा रिव्ह्यू लिहायलेय ती आता त्या रूपात राहिली नाही. अमेरिकेतल्या साऊथवेस्ट एअरलाइन्सनं २७ जानेवारी २०२६ पासून तिकिटावर सीट नंबर द्यायला सुरू केलंय, त्याच्या आधी पन्नासच्या वर वर्षं त्यांच्या विमानात कुणाचीच सीट ठरलेली नसायची, आत शिरा आणि रिकामी दिसंल तिथं बसा. लेक डॅलसला असल्यामुळं आम्हा दोघांना जुन्या पद्धतीत बसायचा योग आला होता आणि तेव्हापासून जो भेटंल तो विचारायलाय, “काय ओ, तिकडं विमानात रुमाल टाकून जागा धरतेत म्हणं?” म्हणून एकदाच लिहून टाकते. आणि आता परभणी, नांदेड, लातूरकडून लेकरांकडं जाणारे आईबाप बक्कळ झालेत, त्यांना ह्यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या पद्धतीतबी कामाला येतील.

आधी रांगेचं. रांगेला माझे पाचपैकी पाच स्टार, हात आखडता घ्यायचं कामच नाही. विमान सुटायच्या बरोबर २४ तास आधी चेक-इन, म्हणजे ‘आम्ही येतोय’ अशी मोबाईलवरची हजेरी, उघडायचं, जावई घड्याळ बघत मोबाईल हातात धरून बसायचे, जो आधी बटण दाबंल त्याला आधीचा नंबर. ए, बी, सी असे तीन गट आणि गटात १ ते ६०. म्हणजे तुमच्या बोर्डिंग पासवर ‘बी ४२’ असं काहीतरी यायचं, हा सीटचा नंबर नाही, विमानात कितवे शिरणार त्याचा नंबर. ए १ ते ए १५ जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले, आणि बटणाची कटकट नको असंल तर १५ डॉलरपासून पुढं भरायचे, कंपनीच तुमचं चेक-इन सगळ्यांच्या आधी करून टाकायची. म्हणजे पैशेवाल्याचं पुढं चालायचंच, पण तेबी रांगेतूनच.

गेटपाशी गेलं की खांब दिसायचे. खांबावर १ ते ५, ६ ते १०, ११ ते १५ असं लिहिलेलं, एका बाजूला तीसपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला ३१ ते ६०. ए पुकारलं की ए वाले उठून आपापल्या खांबाजवळ जाऊन उभे राहायचे, बाकीचे निवांत कॉफी पीत बसलेले. मला ह्याचंच लई नवल वाटलं, की ज्याचा नंबर सी आहे तो माणूस उठतच नाही, त्याला माहिती आहे उठून फायदा नाही. आपल्याकडं विमानाची घोषणा व्हायच्या आधीच अर्धं गेट उभं असतं, अन् तेबी सीट नंबर हातात असताना, आता बोला!

खांबाजवळ गेल्यावरचा रिवाज एवढाच, की शेजारच्याला हसून विचारायचं, तुमचा कितवा? तो म्हणायचा ३७, आपण ३९, मग त्याच्या मागं. दोन-चार नंबर इकडंतिकडं झाले तर कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. मात्र ५२ वाला ३१ च्या खांबाला जाऊन उभा राहिला की गेटवरची बाई पास बघून बाजूला थांबवायची आणि मागचे साठ लोक त्याच्याकडं बघत पुढं जायचे. आमचे हे सवयीप्रमाणं लोक उठले की उठले आणि थेट पुढं जाऊन उभे, तर एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं त्यांचा पास हातात घेऊन बघितला आणि खांद्याला धरून बरोबर त्यांच्या खांबापाशी नेऊन उभं केलं. न रागावता. त्यानंतर ह्यांनी काय केलं असंल? येणाऱ्या प्रत्येकाचा पास तपासायला लागले ना हो! “यू थर्टी-एट? यू बॅक साईड.” जावयांनी मान खाली घातली होती.

हे नंबरबी काही पहिल्यापासून नव्हते बरं का. २००७ पर्यंत नुसते ए, बी, सी गट होते, गटात नंबर नाही, त्यामुळं लोक आपल्या गटाच्या रांगेत तास-तास आधी येऊन जमिनीवर बसायचे, कुणी बॅग ठेवून चहाला जायचं आणि त्यावरनं बाचाबाची. एका वेबसाईटनं तर पाच डॉलर घेऊन लोकांसाठी ए गटाचा पास काढून द्यायचा धंदाच काढला होता, कंपनी कोर्टात गेली आणि २००७ लाच तो बंद पाडला. मग खांब आले, नंबर आले. म्हणजे तिकडचे लोक आईच्या पोटातनं रांग शिकून येतेत असं जे आपण म्हणतो ते मला काही पटत नाही. हातात नंबर दिला की माणूस उभा राहतो, नाही दिला की बॅग ठेवून जागा धरतो, तिकडंबी आणि इकडंबी.

लेकराबाळांचं वेगळं होतं. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू सोबत असलं की ए गट संपल्यावर आणि बी सुरू व्हायच्या आधी आईबापाला लेकरासकट सोडायचे. चांगली सोय. पण त्यात अख्खं बिऱ्हाड घुसवायचं नसतं. आजी, आजोबा, मावशी, मावशीचा दीर असं करून सात जण एका नातवाच्या बोटाला धरून शिरायलेत हे मी स्वतः बघितलं, आपलेच देशी लोक होते, गेटवरची बाई काही बोलली नाही पण मागच्या बी गटातली कुजबुज मला इंग्रजी येत नसूनबी कळली. आम्ही दोघं आपल्या नंबरानं गेलो, लेक-जावई-नातू आधी गेले.

आता जे लिहिते त्यावर काही जणांना राग येईल, येऊ द्या. व्हीलचेअर. ज्यांना खरंच चालवत नाही, ज्यांना मदत लागते, त्यांना सगळ्यात आधी आत सोडायचे, सोबत एक माणूस. जागा मोकळ्या असल्यामुळं पहिलं शिरणं म्हणजे पुढची खिडकी नक्की. त्यामुळं चढताना व्हीलचेअरची रांगच लागायची आणि उतरताना त्यातले निम्मे टणाटण चालत बाहेर, अमेरिकन लोक त्यावर विनोद करतेत की ह्या विमानात बसलं की चमत्कार होतो, पांगळे चालायला लागतेत. आपल्या आईबापांचं कारण वेगळं असतं. हैदराबादहून निघताना बघा, आपल्याकडच्या कितीतरी धडधाकट बायका चेअरवर असतेत, कारण लेकानं सांगितलेलं असतं की आई तुला इंग्रजी येत नाही, इमिग्रेशनला कुणीतरी सोबत पाहिजे, चेअर घे म्हणजे माणूस मिळतो. ते मी समजू शकते, त्या भल्यामोठ्या एअरपोर्टात एकटं बावरल्यासारखं होतंच. पण चेअर मोजक्या असतेत आणि ढकलणारी माणसंबी मोजकी, गुडघे बदललेली म्हातारी तिकडं ताटकळत बसते. बऱ्याच एअरलाइनकडं नुसती सोबतीला माणूस द्यायची सोय असते, तिकीट काढतानाच मागायची. आणि लेकाकडं पोचल्यावर डॅलस ते ह्यूस्टन अशा तासाभराच्या विमानाला चेअर मागून पुढची खिडकी घेणं, हे मात्र मला चोरीच वाटते.

बरं, नंबर संपला की विमानाचं दार. आणि दाराच्या आत ह्या सर्विसला मी दोनच स्टार देते, कारण आत काही नियमच नव्हता. जागा धरून ठेवायची का नाही, ह्यावर कंपनीचं म्हणणं एवढंच, की आमचा होबी म्हणणारा नियम नाही आणि नाही म्हणणाराबी नाही. झालं! म्हणजे आपापसात बघून घ्या. लेकीनं आमच्यासाठी मागच्या बाजूला दोन जागांवर नातवाची बॅग आणि स्वेटर ठेवला होता. एक पोरगा येऊन थांबला, लेक म्हणाली आईवडील बी गटात आहेत, येतेतच, तो हात हलवून मागं निघून गेला. पण त्याच विमानात पुढं तिसऱ्या ओळीत एक माणूस अख्ख्या ओळीवर कोट पसरून एकटा बसलेला, त्याचे दोस्त सी गटात, म्हणजे सगळ्यात शेवटी येणार. एक बाई आली, म्हणाली इथं कुणी बसलेलं दिसत नाही, आणि कोट उचलून त्याच्या मांडीवर ठेवून बसली. त्यानं हवाईसुंदरीकडं बघितलं, तिनं वर बॅगांकडं बघितलं. संपला विषय. मला त्या बाईचा लई अभिमान वाटला, ती परभणीच्या स्टँडवर सहज टिकली असती.

लोकांनी आपले आपण काही रिवाज बसवलेले होते ते असे, की मागच्या भागातली एखादी मधली जागा आपल्या माणसासाठी धरली तर कुणी हरकत घेत नाही, पुढच्या ओळींमध्ये धरली तर ऐकून घ्यावं लागतं, दोन-दोन तीन-तीन जागा धरल्या तर भांडणच. आणि इमर्जन्सी दाराची ओळ, जिथं पाय पसरता येतेत, तिथं तर कुणासाठी धरायचीच नाही. ह्या ओळीबद्दल आपल्या लोकांसाठी खास सांगते, हा नियम सगळ्या अमेरिकन विमानांत आहे आणि आजबी आहे: तिथं बसायचं तर दार उघडायला मदत करीन असं तोंडानं हो म्हणावं लागतं आणि इंग्रजीतल्या सूचना कळाव्या लागतेत. लांब पाय सोडायला मिळतेत म्हणून आमचे हे तिथं टेकले होते, हवाईसुंदरीनं येऊन विचारलं, हे नुसते हसले, उठवलं लगेच.

मधल्या जागेची तर निराळीच कथा. विमानात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन जागा, सगळी विमानं बोइंग ७३७. मोठ्यात १७५ जागा, त्यातल्या साधारण एक तृतीयांश मधल्या, आता हिशोब करा, ए ६०, बी ६०, उरले सी चे ५५. म्हणजे विमान भरलेलं असलं की सी गटाच्या नशिबात जवळजवळ सगळ्या मधल्याच. आणि खिडकी न् कडेची जागा पकडून बसलेले लोक मधली रिकामी राहावी म्हणून जे नाटकं करायचे ते बघण्यासारखे होते. कुणी डोळे मिटून घोरायलाय, कुणी मुद्दाम खोकायलाय, कुणी मधल्या सीटवर वापरलेल्या टिशूचा ढीग लावून ठेवलेला, नवराबायको असले तर एक खिडकीला आणि एक कडेला, मधी पर्स. तिसरा येऊन बसला की मग ही दोघं त्याच्या डोक्यावरनं चकल्यांचा डबा इकडून तिकडं करणार. असं करू नका ओ. कुणी आलं की एकानं मधी सरकावं आणि त्याला कडंची द्यावी, एवढं साधं आहे.

ह्या मोकळ्या बसण्यामागं कंपनीचं स्वतःचं गणित होतं. साऊथवेस्ट १९७१ ला डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो ह्या तीन गावांत सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशाची ओढाताण झाली म्हणून चारपैकी एक विमान विकावं लागलं, पण फेऱ्या कमी करायच्या नव्हत्या, मग तीन विमानांत चारचं काम करायचं तर विमान जमिनीवर दहाच मिनिटं थांबवायचं ठरलं. दहा मिनिटांत उतरणारे उतरले पाहिजेत आणि चढणारे बसले पाहिजेत. सीट नंबर शोधत, उठा-बसा करत कसं होणार ते? जिथं जागा तिथं बस, चल. पुढं अमेरिकेतल्या फर्मीलॅब ह्या प्रयोगशाळेतल्या जेसन स्टेफन नावाच्या शास्त्रज्ञानं विमानात माणसं भरायचं गणितच मांडलं, २००८ ला छापून आलं, की मागच्या ओळीपासून पुढं असं भरणं लई हळू पडतं कारण एकाच ठिकाणी सगळे बॅगा वर टाकत खोळंबतेत. मोकळं सोडलं की लोक आपोआप पांगतेत. हे वाचून मला आपल्या यष्टीचे कंडक्टर आठवले, “मागं सरका, मागं जागा आहे” असं ओरडून ते तेच करतेत.

यष्टीचा विषय निघालाच आहे तर. परभणी स्टँडवर जिंतूरची गाडी लागते तेव्हा बाहेर काही नियम नसतो. गाडी कोणत्या फलाटाला येईल, दार कुठं थांबंल हे ड्रायव्हर सोडून कुणाला माहिती नाही, त्यामुळं गाडी वळली की सगळी माणसं तिच्याबरोबर वळतेत. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झाल्यावर तर आम्हीच पुढं. पण आत? आत खिडकीतून रुमाल पडला की जागा त्याची. रुमाल, टोपी, दस्ती, पिशवी, एखादं लेकरू, काहीबी चालतं, आणि ज्याचा रुमाल त्याला बाकीचे, अगदी आधी चढलेलेबी, जागा देतेत. कुरकुर करतेत, पण देतेत. माझं म्हणणं हे आहे, की आपल्याकडं दाराबाहेर काही नाही आणि आत कायदा आहे, त्यांच्याकडं दाराबाहेर कायदा होता आणि आत काही नव्हतं. त्या तिसऱ्या ओळीतल्या कोटवाल्याच्या दोस्तांना आपल्या गाडीत जागा मिळाली असती. आणि जिंतूरच्या गाडीला कुणी १ ते ६० चे खांब लावून दिले, आणि गाडी रोज त्याच खांबाला लागली, तर आपले लोकबी उभे राहतील, रिझर्वेशनच्या गाडीला कुणी पळत नाही हे बघतोच की आपण.

आपल्या देशातबी हा प्रयोग झालाय, २००३ ला एअर डेक्कन ही स्वस्तातली विमान कंपनी सुरू झाली तेव्हा सीट नंबर नसायचे आणि लोक बसमधून उतरून विमानाकडं पळत सुटायचे. तिकडं युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांपैकी इझीजेटनं २०१२ ला आणि रायनएअरनं २०१४ ला मोकळं बसणं बंद केलं. साऊथवेस्ट तेवढी राहिली होती. जुलै २०२४ ला त्यांनीबी जाहीर केलं, आमच्या ८० टक्के प्रवाशांना ठरलेली सीट पाहिजे म्हणून. आता सीट छापील, शिरायचे गट १ ते ८, पाय पसरायच्या जागेला जादा पैसे. आणि २८ मे २०२५ पासून नव्या तिकिटांवर चेक-इन बॅगांचेबी पैसे घ्यायलेत, आधी दोन बॅगा फुकट असायच्या. आईबापांसाठी हा बदल मला बराच वाटतो. कुणाची मनधरणी करायची नाही, शेजारी कोण येईल ह्याची धाकधूक नाही, इंग्रजी येत नसलं तरी नंबर वाचता येतोच.

फक्त एक बघा, भांडण मिटलं नाही, डोक्यावरच्या कप्प्यात गेलंय. बॅगेला पैसे लागायलेत म्हणून जो तो बॅग वरच कोंबतो, त्यामुळं सीट ठरलेली असूनबी लोक लवकर शिरायला बघतेत. तुमचा गट ७ किंवा ८ असंल तर औषधं, पासपोर्ट, दागिने, चष्मा हे सगळं आधीच पायाखाली मावंल अशा छोट्या पिशवीत काढून ठेवा, कारण जागा संपली की मोठी बॅग गेटवरच घेतेत आणि विमानाच्या पोटात टाकतेत. लोणच्याची बरणी तर आधीच चेक-इनला टाका, सिक्युरिटीवाले हातातली ठेवून घेतेत. दुसऱ्याची सीट मागायची असंल तर तुमची त्याच्यापेक्षा चांगली असली पाहिजे, खिडकी देऊन मधली मागा, कुणीबी देईल, मधली देऊन खिडकी मागू नका.

एकंदर जुन्या सर्विसला साडेतीन. आमचे हे म्हणतेत पाच दे, कारण तेव्हा जावयानं वेळेवर बटण दाबलं की फुकटात पुढची खिडकी मिळायची, आता त्याच खिडकीला डॉलर मोजा. परवा लेकीनं पुढच्या खेपेची तिकिटं काढली, दोघांना शेजारी सीटा पाहिजे तर एवढे जास्त पडतेत म्हणाली. हे म्हणाले, कशाला, तासाभराचंच तर विमान आहे, तुझी आई बसंल पुढं, मी बसतो मागं. मी लगेच हो म्हणून टाकलं.